पथ्याचा डबा

आमच्या चाळीच्या हस्तलिखितात दर वर्षी एक प्रवासवर्णन असतं. मागच्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या राणेकाकांचं बद्रिनाथ होतं, त्याच्या आदल्या वर्षी कुणाच्या तरी मेव्हण्याचं एडन. यंदा कुणीच कुठे गेलं नाही. अर्धं वर्ष मोर्चे, हरताळ आणि सभा यांत गेलं आणि उरलेलं अर्धं त्यांत पडलेले खाडे भरून काढण्यात. तेव्हा हस्तलिखित एकहाती काढणारे आमचे परबमास्तर एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही फोर्टातल्या त्या मेळ्याला जाऊन आलात ना? दोनदा?"

"हो."

"मग तेच लिहा."

"मास्तर, लालबाग ते फोर्ट हा काय प्रवास आहे?"

"चाळीत साठ बिऱ्हाडं आहेत. त्यातलं तुमचं एक जाऊन आलं. एकोणसाठांना तो प्रवासच."

मी 'बघू' म्हणालो. घरात आणि बाहेर मिळून माझी तीन वाक्यं ठरलेली आहेत: 'बरं', 'बघू' आणि 'काही नाही'. मेळ्याहून आल्यावर 'कसा होता?' असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी 'बरा होता' एवढंच सांगितलंय. ते खरं नव्हतं. बरा नव्हता. निदान पहिल्या खेपेला नव्हता, आणि दोष मेळ्याचा नव्हता. आता मास्तरांनी पानं मोकळी सोडलीच आहेत, तर सगळंच लिहितो.

लालबाग

आमच्या घरात आम्ही चौघं. मी, एका ऑफिसात कारकून. माझी बायको सुमती, माहेरची गिरगावातली, त्यामुळे बोलण्यात माझी कसर भरून काढणारी. मुलगी नलू, वय वर्षं नऊ. आणि आई.

आई मालवणकडची. लग्न होऊन बोटीने मुंबईत आली, वडील लवकर गेले, आणि मग पंचवीस वर्षं तिने गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळून मला शिकवलं. तिच्या दोन भाषा आहेत. घरच्यांशी मालवणी, आणि रेशनचा कारकून, डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर अशा परक्या माणसांशी एक हळू, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी मराठी. तिची मालवणी बव्हंशी रागावण्यासाठीच असते. पण ते रागावणं आम्हाला पंख्यासारखं आहे. चालू असलं की कुणाचं लक्ष नसतं.

मेळ्यात आकाशपाळणा आलाय, इतका उंच की वरून सगळ्या गिरण्यांच्या चिमण्या दिसतात, असं तिला चिंचपोकळीच्या तिच्या मैत्रिणीने सांगितलं. त्या दिवसापासून तिने धोशा लावला.

"पंचवीस वरसां त्या चिमणेच्या खाली काम केलंय. एकदा तरी तिका वरसून बघतलंय."

"आई, वरून म्हणजे काही चिमणीच्या तोंडात नाही दिसत."

"तुका काय ठावक? तू बसलंस?"

मी बसलो नव्हतो. मला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही खाली बघवत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेळ्याच्या पंधरा दिवस आधी आईला जिन्यात घेरी आली होती. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं की थोडा अशक्तपणा आहे, हे औषध द्या, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणालो डॉक्टर?" मी म्हणालो, "काही नाही." तेच तिसरं वाक्य. त्यात 'ठणठणीत' हा एक शब्द घालायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण मी असा आहे.

जायचं ठरलं रविवारी. शनिवारी सुमतीने बातमी आणली की आत खाण्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आतल्या हॉटेलवाल्याने ठेका घेतलाय आणि एक बटाटेवडा बाहेरच्या दुप्पट किमतीला विकतोय. हे ऐकून मी फार दिवसांनी एक लांब वाक्य बोललो: "आपण घरून नेऊ, मी बघतो कसं नेऊ देत नाहीत ते."

आता हे कबूल केलं पाहिजे, की पैसे नव्हते अशातला भाग नाही. बोनस झाला होता. कोटाच्या आतल्या खिशात मी एक नोट घडी करून ठेवली होती आणि ती मोडायची नाही असं कुणी न सांगता ठरवलं होतं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ज्या घरात तीस वर्षं जपून खाल्लं जातं, तिथे पैसे आले तरी हात खिशात जायला शिकत नाही, एवढंच.

सुमतीने चार पुडांचा पितळी डबा भरला. दोन पुडांत घावणे, एकात बटाट्याची भाजी आणि सगळ्यात खालच्यात सुकटीची चटणी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, हे आमच्या चाळीत सांगायला नको. पण मास्तर म्हणतात, हस्तलिखित हल्ली दादरलाही वाचायला जातं.

वाटेत

ट्राम भायखळ्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. पुढून मोर्चा चालला होता. झेंडे, घोषणा, गिरणीतली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. 'संयुक्त महाराष्ट्र!' असं पुढून कुणी म्हणायचं आणि अख्खा रस्ता 'झालाच पाहिजे!' म्हणायचा. ट्रामच्या वरच्या मजल्यावरून नलूही ओरडू लागली. आई तर उभीच राहिली. मोर्चा पुढे सरकला तरी नलू थांबेना. तिने घोषणा आपल्या कामाला लावली: "आजीचा पाळणा!" आणि मागच्या बाकावरच्या दोन अनोळखी माणसांनी गंभीरपणे "झालाच पाहिजे!" असं उत्तर दिलं. कंडक्टर हसला. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

मार्केटापाशी संत्र्यांचा वास आला, बोरीबंदर गेलं, आणि मैदानाच्या कडेच्या झाडांवरून पाळण्याचा वरचा अर्धा गोल दिसला.

"अगे बाये!" आई म्हणाली. "ह्यो तर आमच्या चिमणेचो बापूस!"

दारावर

दारावर खाकी कपड्यांतला एक उंच, मिशाळ दरवान होता. पोलिसातून निवृत्त झालेला, सातारकडचा. हे सगळं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. त्याचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते सुमतीच्या पिशवीकडे.

"डबं आत न्यायाचं न्हाईत. बोर्ड वाचा."

मी ट्राममध्ये तयारी करून ठेवली होती. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हवालदार, हा साधा डबा नाही. पथ्याचा आहे. माझ्या आईला हृदयाचा विकार आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. बाहेरचा एक घास चालत नाही. तिला आम्ही अजून पुरतं सांगितलेलं नाही."

शेवटचं वाक्य मी आवाज खाली आणून बोललो. ते तयारीत नव्हतं. बोलता बोलता सुचलं आणि इतकं छान बसलं की माझा मलाच अभिमान वाटला. आई माझ्या हाताखालीच उभी होती. तिला ऐकू गेलं की नाही, हे मी बघितलंही नाही.

दरवानाचा चेहरा पालटला. तरी नोकरी म्हणून त्याने डबा उघडायला लावला. घावणे बघून मान डोलावली. भाजी बघितली. मग शेवटचा पूड उघडला आणि सुकटीचा वास रांगेत चार माणसं मागेपर्यंत गेला.

"आनि ह्ये?"

"हेसुद्धा पथ्यच."

"हार्टाला?"

"हो. आमच्याकडे देतात."

"कोकनात असलं पथ्य असतंय व्हय?" तो विचारात पडला. "आमच्याकडं हार्टाला नुसतं ताक देत्यात. माझी आय वर्षभर ताकावर हुती, तरी गेली." मग एकदम मऊ होऊन आईला म्हणाला, "या आजी. गर्दीत हुबं ऱ्हाऊ नका."

आम्ही आत गेलो. सुमती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" मी हसलो. त्या दिवशी मी हसलो, हे नोंदवून ठेवतो.

आत

ज्यांनी मेळा पाहिला नाही त्यांच्यासाठी: आत गेल्यावर डाव्या हाताला सरकारी तंबू आहे. त्यात धरणांची आणि पोलादाच्या कारखान्यांची खेळण्याएवढी मॉडेलं मांडली आहेत, आणि एक बटण दाबलं की धरणातून खरं पाणी सुटतं. नलूने ते अकरा वेळा सोडलं. त्याच्या पुढे हसरे आरसे. त्यांतल्या एकात मी रुंद आणि सुमती उंच दिसते, आणि तिला तो आरसा घरी हवा होता. एका मांडवात एक बाई बंद भांड्यात दहा मिनिटांत डाळ शिजवून दाखवत होती. भांड्याने शिटी मारली तेव्हा बघणाऱ्या बायका एक पाऊल मागे सरकल्या, आणि मग दोन पावलं पुढे. लाकडी विहिरीच्या भिंतीवरून गोल गोल मोटारसायकल चालवणारा एक माणूसही होता. ते मी डोळे मिटून पाहिलं.

आमच्या गावच्या जत्रेत आणि ह्या मेळ्यात मुख्य फरक जेवणाचा. जत्रेत भूक लागली की माणूस जिथे असेल तिथे घोंगडी पसरतो, डबा सोडतो आणि शेजारच्या घोंगडीवरून लोणचं मागून घेतो. इथे बसायला फक्त हॉटेलवाल्याच्या खुर्च्या. आम्ही तंबूमागची एखादी आडोशाची जागा शोधत होतो, तेवढ्यात दरवान समोरून आला. हातात स्वतःची खुर्ची.

"आजींना जेवाया बसवा हितं. सावली हाय. मी हुबा ऱ्हातो, कुनी बोलनार न्हाई."

आई खुर्चीत बसली. सुमतीने डबा तिच्या मांडीवर ठेवला. चौघांचं जेवण. दरवान हात बांधून समोर उभा.

"मला पण घावणा," नलू म्हणाली.

"तुला नाही बाळ, ते पथ्याचं आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पण आईने तर सगळ्यांसाठी..."

सुमतीने तिचा हात दाबला. आम्ही तिघं उभं राहून आईचं जेवण बघू लागलो. दरवान प्रेमाने आग्रह करत होता: "खावा आजी. समदं खावा. डाक्टरनं सांगितलंय न्हवं? ती मासळी ऱ्हायली बघा." आई खात होती. खाली मान घालून, एकेक घास सावकाश, जणू मोजून दिलेलं औषध. एका अक्षराने बोलली नाही. मला वाटलं, आई काय बेमालूम सोंग वठवतेय! मालवणात दशावतारात उभी राहिली असती.

तिच्याच्याने अर्धा डबाही संपेना. उरलेलं तिच्या 'संध्याकाळच्या पथ्यासाठी' बंद झालं. शेवटी नलूला एक वडा घेऊन दिला. सुमतीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला भूक नाही," आणि ज्या सुरात म्हणाली त्याने माझीही मेली. अर्ध्याहून जास्त डबा सोबत असताना आम्ही नवराबायको मेळ्यात उपाशी हिंडलो.

मग पाळणा. मी तिकिटं काढली आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तेव्हा पाळणेवाल्याने नलूला बसवलं, सुमतीला बसवलं, आणि आईपुढे हात आडवा धरला.

"माताजी को नहीं. हार्टवाला केस है. गेट से बोल के गया है."

दरवानाने आपलं माणुसकीचं काम पुरं केलं होतं.

ह्या जागी मी एवढंच म्हणायला हवं होतं की, अरे बाबा, काही नाही तिला, मी खोटं बोललो. मागे वीसेक माणसं उभी होती. पाळणेवाला बघत होता. मी आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "नको. राहू दे. तू उगीच कुणाशी वाद घालू नकोस."

स्वच्छ मराठीत.

पाळणा सुरू झाला. नलू वरून हात हलवत होती. आईने खालून हात हलवला.

मधले आठ दिवस

हा भाग प्रवासाचा नाही. पण मास्तर, हा काढू नका.

त्या रविवारनंतर आमच्या घरात शांतता पसरली. नळावर आईचा आवाज येईना. सोमवारी मी छत्री ऑफिसात विसरून आलो. एरवी ह्यावर आठवडाभर पुरेल इतकं ऐकलं असतं. ती म्हणाली, "असू दे. दमला असशील." मंगळवारी तिने जिना उतरणं बंद केलं. बुधवारी मला समोर बसवून गावच्या घरातल्या तिच्या हिश्श्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. हळू, नीट, पुस्तकातल्यासारखं. रेशनच्या कारकुनाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलत होती.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मंगळवारीच कळलं होतं. तिने दारावर सगळं ऐकलं होतं. जो मुलगा घरी 'काही नाही' म्हणतो, तोच परक्या माणसाला आवाज खाली आणून सांगतो की आईला पुरतं सांगितलेलं नाही. तिने कोणत्या मुलावर विश्वास ठेवायचा?

कळूनही मी बोललो नाही. उद्या सांगू, जेवणानंतर सांगू, नलू झोपली की सांगू. कारण सांगायचं तर हेही सांगायला लागलं असतं, की हे सगळं मी खिशात नोट असताना वड्यांचे पैसे वाचवण्यासाठी केलं.

गुरुवारी ऑफिसातून आलो तर सुमती दाराशीच उभी. हातात आईच्या पाटल्या.

"ह्या मला दिल्या त्यांनी आज. म्हणाल्या, नलूच्या लग्नापर्यंत तूच सांभाळ. आता तरी तोंड उघडाल?"

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, आपण दोघं ठरवून सांगतोय. तुम्ही मारलंत, तुम्हीच उठवा."

मी आत गेलो. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. सगळं. डॉक्टर काय म्हणाले, वडा किती महाग होता, खिशात काय होतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. आई ऐकत होती. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आता जेवून घे."

"आई, खरंच काही नाही तुला."

"हो रे. काही नाही."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. तिचा माझ्यावर काडीइतका विश्वास बसला नव्हता.

शुक्रवारी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. ते हसून म्हणाले, "आजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चांगला आहे बिचारा. तुझं ऐकतो." शनिवारी हरताळ होता, सगळं बंद. मी दिवसभर घरात बसून होतो आणि ती मला विचारत होती, चहा हवा का, पाठ दुखते का, उशी देऊ का.

पुन्हा

रविवारी मेळ्याचा शेवटचा दिवस. मी म्हणालो, "आई, चल, पाळण्यात बसायचंय."

"मला नाही बसू देणार ते."

"देतील."

"उगीच पैसे कशाला?"

"चल म्हणतो ना!" मी ओरडलो. घरातली तिघंही दचकली. मीसुद्धा.

ह्या खेपेला डबा नव्हता. ट्राम कुठे थांबली नाही की मोर्चा आडवा आला नाही. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो आणि भायखळ्यापासून बोरीबंदरपर्यंत ते एकदाही पुरं झालं नाही.

दरवान तिथेच होता. त्याने लांबूनच ओळखलं. "या आजी! बऱ्या हायसा न्हवं? मी म्हनलं, येत्यात का न्हाई पुन्यांदा." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेस्तरवारी नारळ फोडला बघा तुमच्या आईच्या नावानं. माझ्या आईला फोडला न्हवता. ऱ्हाऊनच गेलं."

हे ऐकल्यावर जे काही जुळवलं होतं ते सगळं सांडलं. मी तसाच बोलू लागलो. आणि बाजूला नव्हे, होतो तिथेच, रांगेसमोर.

"हवालदार, माझ्या आईला काही झालेलं नाही. हृदयाचा विकार नाही. कधीच नव्हता. डबा आत न्यायला मिळावा म्हणून मी खोटं बोललो. पथ्य नव्हतं ते. घरचं जेवण होतं, चौघांचं. आत विकत घेऊन खायला लागू नये म्हणून."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. "मग सुकट?" मागून एक आवाज आला. मागच्या रविवारचा कुणी असावा, किंवा नुसताच कोकणातला.

"सुकट माझी आवडती आहे," मी म्हणालो.

दरवान चिडला असता तर बरं झालं असतं. त्याची मान खाली गेली आणि तो हळूच म्हणाला, "आवो, मग त्या नारळाचं काय?"

नलू माझी बाही ओढत होती. आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. आठ दिवस बघत होती तशी नव्हे. लहानपणी मी शाळेतून पडून आलो की बघायची तशी, कुठे लागलंय ते शोधत.

मग ती पुढे झाली आणि दरवानासमोर उभी राहिली.

"नारळ लागू पडलो रे बाबा," ती म्हणाली. "बघ, आठ दिसांत बरी झालंय मी. देवाक आणि काय होया?"

दरवानाने वर पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं. तो वळला, तोंडाभोवती हात धरले आणि परेडीवर सोडावा तसा आवाज सोडला: "एऽ पाळनेवाले! माताजी फिट है! जाने दो!"

सुमती आणि नलू एका पेटीत बसल्या, आई आणि मी त्यांच्यामागच्या पेटीत. मी बसलो कारण आईला एकटीला बसवणं बरं दिसलं नसतं. दांडी लावली तसे मी डोळे मिटले. पेटी मागे झुकून वर निघाली. मग सगळं थांबलं, हलकेच झुललं, आणि आईने माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"उघड डोळे. वर इलंव."

मी उघडले. एका बाजूला समुद्र, सपाट आणि इतका जवळ की हसू यावं. दुसऱ्या बाजूला शहर, त्याच्या पलीकडे, उत्तरेला, लांब, भायखळा, लालबाग, परळ, आणि त्यांतून वर आलेल्या चिमण्या. रविवार, म्हणून धूर नव्हता. बारीक, काळ्या, विड्या उभ्या करून ठेवल्यासारख्या. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

"कितक्यो त्यो!" आई म्हणाली. पुढे वाकून, पदर दातांत धरून ती बघत होती. "खंयची रे आमची?"

तिच्या चेहऱ्यावर इतकं वाट बघणं होतं, की माझं बोट आपोआप उठलं. कुठलीही एक दाखवली असती. ती बघ, ती डावीकडची, जरा बुटकी. तिला पटलं असतं आणि चाळीत वर्षभर सांगत फिरली असती. कुणाचं काय बिघडणार होतं?

मी बोट खाली घेतलं.

"मला नाही ओळखता येत, आई."

"मगे गप बस," ती म्हणाली. "मी शोधतंय."

पाळणा चार वेळा वर गेला. चारही वेळा ती शोधत होती, आणि मी दांडीला धरून तिच्याकडे बघत होतो, कारण बाकी कुठे बघणं शक्य नव्हतं. सापडली का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खाली उतरलो. तिने पदर सारखा केला, दरवानाला हात जोडले, आम्ही रस्ता ओलांडला, परतीची ट्राम आली, चौघांना जागा मिळाली. ट्राम सुरू झाली, आणि आईही.

"मेल्या, आठ दिस! आठ दिस मी मरणाची वाट बघलंय! राती छातेर हात ठेवन झोपलंय, आता बंद पडतला, मगे बंद पडतला! आणि हो मेलो वड्यांसाठी! अरे, वडे नको होते तर मी उपाशी रवलंय असतंय, वरसांनवरसां रवलंय! पण आवशीक आजारी पाडतंस? जिभेक हाड नाय तुझ्या? घरात तोंड शिवलेला, आणि दारावर बरो पोपटासारखो..."

मार्केट गेलं. भायखळा आला. ती थांबली नाही. छत्रीचं निघालं. मी तिसरीत असताना हरवलेल्या पाटीचं निघालं. सगळी ट्राम मागे वळून बघत होती. सुमती पदराआड हसत होती, आणि मी मान खाली घालून बसलो होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं, की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला.

ते पाहून समोरच्या बाकावरच्या एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांना राहवलं नाही. "अहो आजी," ते म्हणाले, "केवढं बोलता त्या बिचाऱ्याला! चार माणसांत!"

आईने त्यांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं.

"माझ्या पोटचो झील असा तो," ती म्हणाली. "तुमचा काय जाता?"